ग्राइंडरवर फोडलेला नारळ

पाटोद्याला आमची तिघांची मिळून एक शेड आहे. एक वेल्डिंगवाला, एक सुतार आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या दुरुस्त करणारा मी. ग्राइंडर तिघांचा, म्हणजे पुसायचा मी, बिघडला की खोलायचा मी, आणि वापरताना मात्र तिघंही मालक.

त्या ग्राइंडरला दोन्ही बाजूंना गोल दगड असतात. वरून गार्ड असतो, दगड फुटलाच तर तुकडे अडवायला. दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी माणसं धार लावायला कोयते आणतात. गार्ड असला की कोयत्याचं वळण नीट बसत नाही, म्हणून वेल्डिंगवाल्याने तो काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला होता. मी चार वेळा बसवला, त्याने पाच वेळा काढला. पुढे मीही नाद सोडला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. खिळ्यावरच्या गार्डलासुद्धा माळ घातली, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. नारळ दरवर्षी ऐरणीवर फोडतात. यंदा ऐरण सुताराच्या फळ्यांखाली दडपलेली, ती काढायचा या लोकांना कंटाळा. वेल्डिंगवाल्याने नारळ उचलला आणि थेट ग्राइंडरच्या दगडावर आपटला. एकदा नाही, तीनदा.

मी ओरडलो. दगड दिसतो टणक, पण ठोका बसला की आत केसासारखी चीर जाते. डोळ्यांना दिसत नाही. पुढे पूर्ण वेगाने फिरताना दगड फुटतो आणि समोर असेल त्याला लागतो. हे सगळं मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं.

"गप बे, आज तरी वंगाळ बोलू नगं," तो म्हणाला. "देवाचा नारळ हाय. त्यानं कुठं दगड फुटतो व्हय?"

सुतारानेही मलाच दटावलं. दगड काढून तपासणं दहा मिनिटांचं काम. बोटावर टांगायचा आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हळूच वाजवायचा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर फेकून द्यायचा. पण पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी पाना लावायचा नाही अशी रीत. मी धुमसत खोबरं खाल्लं आणि घरी गेलो.

दसरा झाल्यावर सकाळी शेड उघडली, तर दारात कोयत्यांचा ढीग. सगळ्यांच्या गाड्या भरायच्या, सगळ्यांनाच घाई. मी पाना घेऊन पुढे झालो, तर वेल्डिंगवाला म्हणाला, एवढी माणसं खोळंबलीत, दुपारी बघू. मला इतका संताप आला की मनात म्हटलं, मर तिकडे. पाना ठेवून दिला.

शिरूर कासारकडची एक बाई ग्राइंडरच्या अगदी समोर उभी होती, तिच्या कोयत्याची पाळी पहिली. वेल्डिंगवाल्याने बटण दाबलं आणि कोयता उचलायला वाकला, म्हणून तो वाचला. दगडाने वेग घेतला आणि फुटला. एक तुकडा पत्र्यात घुसला. दुसरा बाईच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं बघताक्षणीच कळत होतं.

दवाखान्यापर्यंत मी वेल्डिंगवाल्याला नाही नाही ते बोललो. त्याच्या नारळाचा उद्धार केला, त्याच्या अकलेचा केला. अजूनही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

प्लास्टर झाल्यावर बाई व्हरांड्यात बाकावर बसली. नवरा मुकादमाला फोन लावत होता. ऊसतोडीला जोडीनेच जावं लागतं, आणि एका हाताच्या बाईला मुकादम नेत नाही. पलीकडून काय उत्तर आलं ते नवऱ्याच्या तोंडावर दिसलं. वर्षाचं पोट त्या मनगटावर होतं.

वेल्डिंगवाला तिच्यासमोर खाली बसला आणि रडायला लागला. "ताई, चूक माझी हाय," तो म्हणाला. "ह्यानं मला नवमीलाच सांगितलं व्हतं, दगड फुटंल म्हणून. म्या ऐकलं न्हाई."

त्याने खरं बोलून दाखवलं म्हणून मला क्षणभर बरंही वाटलं. बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मंग मला कावून न्हाई म्हणलात, बाई, जरा बाजूला सरक म्हणून?"

बटण दाबलं तेव्हा मी स्वतः बाजूला सरकून उभा होतो.