बर्फावरचं ऊन

आमच्या पिंपळगाव राजात काही म्हातारी मंडळी मला अजूनही 'घसरगुंडी मास्तर' म्हणतात. हे नाव ज्या हिवाळ्यामुळे पडलं, तो मी ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी खेड्यात काढला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. यंत्रांचं शिक्षण घ्यायला मी जर्मनीत गेलो होतो. तिथल्या मित्रांच्या नादानं दोन हिवाळे आपटत, धडपडत स्की शिकलो होतो. शिक्षण संपलं आणि पुढची जागा मिळेपर्यंत चार महिने रिकामे होते. त्या खेड्यातल्या स्की शाळेत इंग्लंडहून कुटुंबंच्या कुटुंबं यायची, आणि शाळेचा मुख्य सोडला तर तिथल्या शिक्षकांना इंग्रजीचा गंध नव्हता. मला इंग्रजी बरं येत होतं, स्की जेमतेम. त्यांनी मला लहान मुलांच्या वर्गावर घेतलं.

मी घरी पत्र पाठवलं. वडिलांनी ते चावडीपुढं मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे एक चुलते म्हणाले, "म्हंजे बर्फावर पडाले शिकवते काय तो?"

"पडाले नाही, घसराले," वडील म्हणाले.

"मंग त्याच्यासाठी जर्मनीले कायले पाठोलं? आपल्या नाल्यात पावसायात काय कमी घसरतेत लोकं?"

परत आल्यावर त्या हिवाळ्याची गोष्ट मी ओट्यावर बसून किती वेळा सांगितली, याला गणती नाही. लोक हसायचे, मध्येच गंभीर व्हायचे, आणि शेवटी कुणीतरी विचारायचंच, "मंग त्या पोरीचे डोये उघडले काय?" उघडले, असं मी सांगायचो. "चांगलं झालं बाप्पा," म्हणत माणसं उठायची. मी दर वेळी तिथंच थांबलो. त्याच्या पुढचं आज लिहितो आहे.

मी मुळातच घाबरट. वर्गात सहा ते नऊ वर्षांची सात-आठ मुलं असायची. रविवारी नवी तुकडी यायची आणि शनिवारी बसमध्ये बसून परत जायची. त्या सहा दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कुणाचा पाय मुरगळला, कुणी झाडीच्या बाजूला भलतीकडे वळलं, हे सारखं डोक्यात. मी मुलं मोजायचो, दोन मिनिटांनी परत मोजायचो. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. या माणसाला स्वतःलाच धड येत नाही, हे एक दिवस सगळ्यांना कळणार, असं मला रोज सकाळी बूट चढवताना वाटायचं.

शाळेचा मुख्य साठीचा होता, उंच, मोजकं बोलणारा. पहिल्याच दिवशी त्यानं एक नियम बोट नाचवून दोनदा सांगितला होता. झाडं संपली की त्याच्या वर डोळ्यांवरचा काळा गॉगल काढायचा नाही, मुलांनाही काढू द्यायचा नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला रागच आला. वैशाखात आमच्या खामगाव तालुक्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या उन्हात मी मिरचीच्या वावरात पाणी दिलेलं, आणि हा गोरा म्हातारा मला ऊन शिकवतो? ते त्याचं फेब्रुवारीचं ऊन मला ऊन वाटतच नव्हतं. तरी मी माझा गॉगल कधी काढला नाही. कारण तो लांबून बघत असायचा.

त्याच सुमारास आईचं पत्र आलं. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि बहीण जसंच्या तसं उतरवायची. "तिथं ऊन पडते काय? पडत असन तर सकायी घटकाभर उन्हात बसत जाय. डोक्शाले तेल लावत जाय. थंडीनं माणूस आखडते, उन्हानं मोकया होते." वाचून मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. थंडीच्या दिवसांत आई आम्हा भावंडांना अंगणात पूर्वेकडं तोंड करून ओळीनं बसवायची. तोंड चांगलं शेकून निघाल्याशिवाय कुणाला उठू द्यायची नाही. थंडीवरचं औषध ऊन, हे मला शाळेच्या आधीपासून ठाऊक होतं.

त्या आठवड्यात तीन दिवस नुसता बर्फ पडत होता. शुक्रवारी, म्हणजे त्या तुकडीच्या शेवटच्या दिवशी, आकाश एकदम उघडलं. माझ्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी होती. अंगानं किरकोळ, सारखी पडायची आणि पडली की रडायची. त्या सकाळी तर तिचं रडणं थांबेचना. हात गारठलेले, ओठ निळे. रडण्याच्या वाफेनं गॉगल आतून धुरकटलेला, म्हणून समोरचं दिसत नव्हतं, म्हणून ती पुन्हा पडत होती. मी तो पुसून दिला, तो परत धुरकटला. मुख्य त्या दिवशी खालच्या उतारावर होता. शेवटी मी सगळ्यांनाच वरच्या लाकडी खोपीपुढच्या बाकावर ओळीनं बसवलं, उन्हाकडं तोंड करून. टोप्या काढा, गॉगल काढा, शेका जरा, म्हणालो. तिचा ओला गॉगल मी माझ्या कोटाच्या खिशात टाकला, वाळू दे म्हणून.

मुलं अर्ध्या तासात तरतरीत झाली. बाकीच्यांनी सवयीनं आपापले गॉगल परत चढवले. तिचा माझ्या खिशातच राहिला. मला आठवण राहिली नाही असं मी पुढं स्वतःला सांगत आलो, पण तेही पूर्ण खरं नाही. दुपारी एकदा आठवण झाली होती. पण ती तेव्हा हसत होती. तिला समोरचं स्वच्छ दिसत होतं आणि आठवड्यात पहिल्यांदा ती तो अख्खा उतार न पडता उतरली होती. मी म्हटलं, राहू दे. आपल्या आईचं औषध इथंही लागू पडलं, याचा मला अभिमान वाटत होता.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिची आई तिला उचलून धावत शाळेच्या खोलीत आली. पोरगी किंचाळत होती. डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं होतंय म्हणे, पापण्या सुजून मिटल्या होत्या, उघडता येत नव्हत्या. मुख्यानं तिच्या आईसमोरच मला विचारलं, "हिचा गॉगल कुठं होता?"

मी म्हणालो, "तिनं काढला असेल. माझ्या लक्षात आलं नाही."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं. पण परत घेतलं नाही, ते मात्र ठरवून.

डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. बर्फावरून उलटून येणारं ऊन खालच्या बाजूनं डोळे भाजून काढतं, हे मला त्या दिवशी कळलं. रविवारी पट्ट्या काढू, बहुतेक बरं होईल, असं तो म्हणाला. मी फक्त 'बहुतेक' ऐकलं. आमच्या गावात माझ्या बरोबरीची एक मुलगी देवीच्या साथीत दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली होती. तिचा धाकटा भाऊ तिला हात धरून विहिरीवर आणायचा. त्या दोन दिवसांत मला तीच समोर दिसत राहिली.

खोलीवर जाऊन कोट खुंटीला टांगला तेव्हा खिशातला गॉगल हाताला लागला. फेकून द्यावा असं वाटलं, पण धीर झाला नाही. शाळेत सापडलेल्या वस्तूंची एक टोपली असायची, हातमोजे, टोप्या वगैरे. सकाळी कुणी यायच्या आत मी तो गॉगल त्या टोपलीत सगळ्यात खाली सरकवला.

शनिवारी बाकीच्या मुलांची कुटुंबं निघाली. बाकावर काय झालं ते त्या सगळ्या मुलांनी पाहिलं होतं. एखाद्यानं सहज आपल्या आईला सांगितलं असतं तर माझं संपलं होतं. मी बसपाशी उभा राहून हात हलवत होतो, आणि बसचं दार एकदाचं लागावं म्हणून आतून तडफडत होतो. ड्रायव्हर खाली उतरून कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा आवळत बसला, तेव्हा त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. बस वळणाआड गेली आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते.

दुपारी मी संत्री घेऊन तिला बघायला गेलो. ती पलंगावर बसली होती, तोंडाचा वरचा अर्धा भाग पांढऱ्या पट्टीत. माझा आवाज ऐकून ती आईला म्हणाली, "मी सांगितलं ना तुला, गॉगल सरांनी खिशात ठेवला होता. विचार ना त्यांना."

तिची आई थकलेली होती. रात्रभर जागलेली असावी. ती म्हणाली, "पुरे झालं. गॉगल शाळेच्या टोपलीत सापडलाय, मुख्य सकाळी आणून देऊन गेले. आपण काढायचा, हरवायचा आणि दुसऱ्यावर ढकलायचं, हे मला चालणार नाही." आणि मग माझ्याकडं वळून, "माफ करा हं. दुखतंय म्हणून काहीही बोलतेय ती."

मी तिथं उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी संत्री टेबलावर ठेवली आणि काळजी घ्या म्हणालो.

बाहेर येऊन मी नवस बोललो. आमच्याकडं नारळ बोलतात, कोंबडा बोलतात, कुणी अनवाणी चालत जाईन म्हणतं. मला त्या बर्फात यातलं काहीच सुचेना. मी गावच्या मारुतीला म्हणालो, पोरीचे डोळे शाबूत उघडू दे, मी तिच्या आईला सगळं खरं सांगेन आणि पोरीची माफी मागेन. नोकरी गेली तर जाऊ दे. मनापासून बोललो.

रविवारी डॉक्टरनं खिडकीचे पडदे ओढले आणि पट्ट्या सोडल्या. मी दाराशी उभा होतो. पापण्या लाल होत्या, चिकटलेल्या होत्या. तिनं एक डोळा किलकिला केला, मग दुसरा. डॉक्टरनं बोटं दाखवली. तिनं बरोबर सांगितली. मग त्याच्या कोटाची एक गुंडी तुटली आहे, असंही सांगितलं. तिची आई रडत रडत हसायला लागली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अशा वेळी कसं सांगायचं? आनंदात विरजण कशाला, उद्या निघताना सांगू, असं मी ठरवलं.

ओट्यावर गोष्ट इथं संपते.

सोमवारी सकाळी त्या दोघी भाड्याचे बूट आणि स्की परत करायला शाळेत आल्या. मुख्य टेबलाशी बसून बुटांच्या नाड्या तपासत होता. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, पहिलं वाक्य तर पाठ होतं. मी खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

मी तोंड उघडणार, एवढ्यात आईनं मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला हलकेच पुढं केलं. पोरीनं टोपलीत सापडलेला तोच गॉगल घातला होता. तो तिनं कपाळावर सरकवला, माझ्याकडं नीट बघता यावं म्हणून. डोळे अजून गुलाबी होते.

"सॉरी, सर," ती म्हणाली. "तुम्ही घालायला सांगितलेला गॉगल मी काढला आणि हरवला. मग खोटंही बोलले, तुमचं नाव घेतलं. मला आता आठवतंय. मीच काढला होता."

तिला खरंच तसं आठवत होतं. तिच्या तोंडाकडं बघून मला ते कळलं. दोन दिवस अंधारात पडून, सगळी मोठी माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर, तिनं स्वतःची आठवण बदलून घेतली होती.

मुख्यानं नाड्यांवरून नजर उचलून माझ्याकडं पाहिलं. तिची आई माझ्याकडं बघत होती. पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"हरकत नाही," मी म्हणालो. "पण पुन्हा असं करायचं नाही."

"नाही करणार," ती म्हणाली, आणि हात पुढं करून तिनं मला वचन दिलं.