पुस्तकातला दुष्ट म्हातारा आणि आमचे मामा

मी केलेल्या पहिल्या पुस्तक परीक्षणानंतर आमच्या सासऱ्यांनी आठवडाभर माझ्या हातचा चहा घेतला नाही.

परीक्षण हा शब्दसुद्धा मला आर्याने शिकवला. आर्या माझी मुलगी, दहावीत आहे. मी चौथी पास. शनिवारी आम्ही दोघी वडखळहून पेणच्या वाचनालयात जातो. घरातून विनाकामाची बाहेर पडायची माझी ती एकच वेळ. (पिशवी हातात असतेच, पण येताना तिच्यात कांदे नसतात, पुस्तक असतं.)

वाचनालयाने टूम काढली की आई आणि मुलीने एका पुस्तकावर बोलायचं आणि आवाज मोबाइलवर भरून पाठवायचा. आर्याने एका मालिकेचा दुसरा भाग निवडला. पुस्तकाचं नाव सांगत नाही, पुन्हा भानगड नको. गोष्ट पुढच्या काळातली आहे. जग बिघडलंय, समुद्र आत आलाय, पंधरा वर्षांच्या पोरांना भिंतीआड कोंडतात. (समुद्र आत येतो याचं लेखकाला काय अप्रूप, कोण जाणे. आमच्या खारेपाटात बांध फुटला की येतोच.) पहिल्या भागात त्यातली मुलगी भिंतीवरून उडी मारून पळते. तो भाग मी दोनदा भात करपवून वाचला. दुसऱ्या भागात ती नव्या शहरात येते. तिथे एक म्हातारा पाण्याच्या टाकीवर ताबा ठेवून बसलेला. त्याच्या मर्जीने पाणी सुटतं. बाई उलट बोलली की तिचं पाणी बंद.

आता लेखकाने सगळ्या पोरांना नवी नवी, जीभ वळणार नाही अशी नावं दिलीत. आणि या दुष्टाला नाव काय दिलं, तर काशिनाथ!

काशिनाथ हे आमच्या सासऱ्यांचं नाव. (लिहायला हरकत नाही, तोंडाने घ्यायचं नाही.) लग्न झाल्यापासून ते माझ्या तोंडून निघालेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर मी आर्याला पुढे करते. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात, मीही तेच म्हणते.

"आई, पुस्तकातला काशिनाथ हाय तो. घे नाव," आर्या म्हणाली.

"नाय जमणार."

"मग काय म्हणशील?"

काय म्हणणार? जे सवयीचं तेच म्हटलं. डोक्यावर पदर घेतला, भिंतीकडे तोंड केलं (मोबाइलचीसुद्धा मला लाज वाटते) आणि बोलले. आधी आर्या बोलली, पुस्तकाचं नाव, लेखक, पानं. मग मी.

लाज मोडल्यावर मी बरीच बोलले. म्हटलं, पहिला भाग चांगला होता, कारण त्यात मामा नव्हते. दुसऱ्या भागात मामा आले आणि सगळं बिघडलं. मामा पाण्यावर बसून राहतात, कुणाला बोलू देत नाहीत. बायका त्यांच्यासमोर हंडे घेऊन उभ्या राहतात आणि मामांना त्यात मजा वाटते. मुलीवरही मी रागावले. प्यायला पाणी नाही आणि ही दोन पोरांत बरा कोण, याचा विचार करत तीन प्रकरणं बसते! शेवटी म्हटलं, मामांचं काहीतरी करायला पाहिजे, नाहीतर ही गोष्ट पुढे जायची नाही.

आर्याला इतका आनंद झाला की तिने फक्त माझा भाग कापून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझी आई पहिल्यांदा मनातलं बोलली.'

पुस्तकाचं नाव राहिलं तिच्या भागात.

आता आमच्या घराचंही सांगायला हवं. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. अंगणात टाकी आहे, टाकीला तोटी आहे आणि तोटीजवळ मामांची खुर्ची आहे. मिठागरावर राबून आलेला माणूस. कुणी किती पाणी घेतलं यावर डोळा ठेवून बसतात.

पहिला फोन रोह्याहून माझ्या बहिणीचा. ती रडत होती. म्हणाली, बरं केलंस, आता सोसू नको, निघून ये. (इतक्या वर्षांत तिने मला 'बरी आहेस ना' याच्यापुढे काही विचारलं नव्हतं.) संध्याकाळी जित्याहून नणंद आली, चपला न काढताच बोलायला लागली. "पयला भाग चांगला व्हता म्हंजे तुजं म्हायेर काय गो? आनि दुसरा भाग आमचं घर?"

मी पुस्तक आहे म्हणून सांगत होते, पण माझा आवाज भांड्यांच्या पलीकडे जात नाही. कंपनीतून शिफ्ट करून हे आले. त्यांनी ते कानाला लावून ऐकलं, डबा खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "खरं हाय म्हनून गावभर सांगायचं काय?"

तिथे मला कळलं. एवढी माणसं आली, बोलली, ओरडली, पण मामा असे नाहीत, असं एकानेही म्हटलं नाही!

मामांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "शनवारचं पेनला जानं बंद. पुस्तकं बंद."

चहाचं मला काही वाटलं नाही, उलट एक कप कमी. पण शनिवार गेला तर माझ्याकडे उरणार होतं काय? मी आयुष्यात हट्ट केलेला नाही, तेव्हाही केला नाही. मोरीत बसून भांडी घासली.

आठवडा झाल्यावर आर्याच पुस्तक घेऊन त्यांच्या खुर्चीशी बसली आणि काशिनाथ, काशिनाथ करत मोठ्याने वाचायला लागली. मामा डोळे मिटून ऐकत होते. म्हाताऱ्याने बायकांचं पाणी तोडलं तिथे त्यांनी डोळे उघडले.

"मानूस शिस्तीचा हाय," ते म्हणाले. "त्याच्यामुलं गाव टिकलाय. ती पोरगीच आगाव."

माझी चूक झाली नव्हती हे त्यांना कळलं का, ते मला कळलं नाही. त्यांनी चहा मागितला. शनिवार परत मिळाला, मात्र एका अटीवर. तिसरा भाग आला की आधी त्यांना वाचून दाखवायचा. नणंदेने जित्यात सांगितलं की आमच्या बाबांवर पुस्तक निघालंय. माझी माफी कुणी मागितली नाही, त्या गडबडीत राहून गेलं असेल.

तिसरा भाग आला तेव्हा आर्या सुट्टीला रोह्याला मावशीकडे गेलेली. पेणहून येताना एसटीत मी शेवट आधी वाचला. शेवटी बायका टाकीची चावी हिसकावून घेतात आणि म्हातारा टाकीच्याच सावलीत मरतो. वाचून मला इतकं बरं वाटलं की मी वडखळ सोडून पुढच्या नाक्यावर उतरले.

अंगणात पाय ठेवला तर मामा वाट बघत.

"वाचलास? त्याचं काय झाला?"

नाव घेता येत नव्हतं. आणि 'मामा मेले' म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"बरे हायत," मी म्हटलं.

"आनि पानी?"

"त्यांच्याच हातात हाय."

मामा खुशीत हसले आणि त्या दिवशी मला एक हंडा जास्त भरू दिला. आमच्या घराण्यात परीक्षणाचं मानधन मिळवणारी मी पहिलीच, आणि तेही पुस्तकाचा शेवट खोटा सांगून!