नितीनच्या डब्याची तपासणी

बसा, चहा होतोय. तोवर माझ्या एका घोळाची हकीकत ऐका. घोळ म्हणजे साधासुधा नव्हे! फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. तेवढ्या काळात माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडं झाला नाही. आणि पेन्शनीत आल्यावर जे करून बसलो, ते आठवलं की आजही घास उतरत नाही. हसू आलं तर हसा, मी काही वाईट वाटून घेणार नाही.

आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आष्ट्याला असते. मी इस्लामपुरात. तिचा एकुलता एक नितीन पुण्यात कंपनीत होता. दोन वर्षांमागं तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत पोरगं गेलं. अठ्ठावीस वर्षांचं! मी त्याचा मामा. बारशाला त्याच्या कानात कुर्र केलेलं माझ्यासमोर झालं, आणि खांदाही मीच दिला.

दुसऱ्या वर्षश्राद्धाला त्याचा मित्र प्रसाद पुण्याहून आला होता. जेवणं उरकली, माणसं पांगली, आणि प्रसाद हळूच म्हणाला, "काकू, नितीननं ठेवलेला डबा अजून साताऱ्याच्या डोंगरावर आहे."

"कसला डबा रं?" आक्का म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे म्हणे. एकानं कुठंतरी डबा लपवायचा आणि जागेचे आकडे नेटवर टाकायचे. दुसऱ्यानं फोन बघत बघत तो हुडकायचा. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत सही करायची, डबा होता तिथं ठेवायचा आणि घरी जायचं. बस्स! बक्षीस नाही, हारतुरा नाही, फोटोसुद्धा पेपरात येत नाही.

"मग मिळतं काय?" मी विचारलं.

"सापडल्याचा आनंद, मामा."

फौजेत आम्हाला असंच रानोमाळ हिंडवायचे, पण तिथं निदान पगार होता.

आक्काचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. "त्या वहीत नितीननं सोत्ताच्या हातानं लिवलंय?"

"पहिलं पान त्याचंच आहे, काकू. पानभर लिहिलंय."

"मला बगायचंय त्ये," आक्का म्हणाली. एवढंच म्हणाली, पण दोन वर्षांत तिनं स्वतःहून काही मागितलेलं हे पहिलंच.

तुम्ही म्हणाल, वहीचं काय एवढं? अहो, घरात पोराचं अक्षरच नव्हतं! या पोरांचं सगळं फोनवर. शाळेतल्या वह्या आक्कानंच कधीतरी रद्दीवाल्याला घातलेल्या, आणि त्याबद्दल ती स्वतःला रोज शिव्या देते. उरली होती ती गॅसच्या पुस्तकावरची एक सही, तीही इंग्रजीत.

ठरलं. पुढच्या रविवारी प्रसाद गाडी घेऊन येणार आणि आक्काला डोंगरावर नेणार. पण तिचे गुडघे दुखतात, वर चढवायचं आणि डबाच नसला तर? म्हणून प्रसाद मला म्हणाला, "मामा, तुम्ही आधी एकदा बघून याल? जागेवर आहे का एवढंच."

झालं! मला ऑर्डर मिळाली. आणि ऑर्डर मिळाली की मला नियम लागतात. त्या रात्री मी प्रसादला व्हॉट्सॲपवर क्रमांक घालून प्रश्न पाठवले.

प्रश्न एक. डबा उघडण्यास परवानगी कोणाची? उत्तर आलं, कुणाचीच नाही मामा, उघडा.

प्रश्न दोन. पेन डब्यात असते की स्वतःचे न्यावे? स्वतःचं न्या.

प्रश्न तीन. आतील वस्तू घेता येते काय? येते, पण तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. वही मात्र कुणी नेत नाही.

प्रश्न चार. फोटो काढावा काय? फोटो नको मामा, जागा फुटते.

प्रश्न पाच. कोणी पाहिल्यास काय करावे? पाहू द्यायचं नाही, आणि पाहिलंच तर काहीतरी साधं सांगायचं. फोन आला, बुटाची लेस बांधतोय, असलं काहीतरी.

सगळं मी कागदावर उतरवून घेतलं, खाली रेघ मारली आणि कागद खिशात ठेवला. बघा, चूक कुठं होणार होती सांगा बरं!

सोमवारी एसटीनं सातारा गाठला, तिथून शिटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं डोंगराच्या पायथ्याची वाडी. वर चढलो. फोन म्हणतो उजवीकडं, चार पावलं गेलो की म्हणतो डावीकडं. एकाच दगडाभोवती मी नऊ फेऱ्या मारल्या. शेवटी त्याच दगडाच्या खाली, कपारीत हात घातला आणि बोटांना झाकण लागलं.

डबा बाहेर काढला. मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं. लोणच्याचा असतो तसला प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा. आत एक किल्लीची साखळी, एक परदेशी नाणं, खेळण्यातली गाडी आणि पिशवीत गुंडाळलेली वही. पहिल्या पानावर नितीनचं अक्षर! ती साखळी नितीनच्या बॅगेला असायची, मी ओळखली. घ्यावी वाटली हो. पण तोडीचं काहीतरी ठेवायला पाहिजे ना? खिसे चाचपले. चुन्याची डबी, एसटीचं तिकीट आणि चष्म्याचं फडकं. भाच्याच्या वस्तूच्या तोडीचं माझ्या खिशात काय असणार? साखळी परत ठेवली. फोटो काढायला फोन वर केला होता, पण प्रश्न चार आठवला आणि फोन खाली घेतला. पान वाचलं, सही केली, आणि डबा कपारीत सरकवायला लागलो.

खांद्यापर्यंत हात दगडाखाली, आणि मागनं आवाज आला. "काय हुडकतायसा, पावनं?"

शेरडं राखणारे एक आबा उभे होते. हातात काठी, डोक्याला मुंडासं. मी प्रश्न पाच आठवला.

"काय न्हाई, बुटाची लेस बांधतोय."

आबांनी माझ्या पायांकडं बघितलं. मी चपलेत होतो!

"चपलीला लेस?" आबा म्हणाले. "ती बी धोंड्याखाली हात घालून? गुप्तधन काढाय आलायसा न्हवं? मागं एकजण असाच आलता लिंबू घिऊन. थांबा, पोलीस पाटलालाच बलिवतो."

आबांनी खाली वाडीकडं तोंड करून हाळी द्यायला हात तोंडाला लावला. पोलीस पाटील आले की गाव वर येणार, डबा बाहेर निघणार, वहीचा पंचनामा होणार! आक्काला मी काय दाखवू? आणि तोंडातून निघून गेलं, "आवं आबा, नवसाचा डबा हाय! बहिनीनं ठिवाय लावलाय!"

काय जादू झाली म्हणता! आबांनी तिथल्या तिथं पायातल्या चपला काढल्या.

"आदी न्हाई का सांगायचं! मी आपला तसाच हुबा."

"कुनाला सांगू नगा, आबा."

"नाव काडू नगा. माजी नजर ऱ्हाईल त्येच्यावर."

मी तरंगतच खाली उतरलो. प्रसादला रिपोर्ट टाकला, "डबा सुरक्षित. पहारेकरी नेमला आहे." त्यानं नुसती दोन प्रश्नचिन्हं पाठवली. मी म्हटलं, आनंदानं गोंधळला असेल.

संध्याकाळी आक्काचा फोन. "संपत, बगितलीस? काय लिवलंय रं?"

"आदी सांगायचं नसतंय, आक्का. ज्यानं त्यानं जाऊन बगायचं, असा खेळच हाय."

"एक ओळ तरी सांग की."

"रविवारी बगशीलच की तू!"

तिनं बरं म्हणून फोन ठेवला. त्या वेळी एक ओळ सांगितली असती तर माझं काय जाणार होतं? पण मी क्लार्क ना!

रविवार उजाडला. आक्कानं वाटेत चष्मा चारदा पुसला. चढताना एक हात प्रसादच्या खांद्यावर आणि एक माझ्या. दर दहा पावलांना बसायची, आणि आम्ही काही म्हणायच्या आत उठायची. "चला, पोरगं खोळंबलंय," असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

वर पोचलो आणि मी दगडच ओळखला नाही. दगडाला शेंदूर! वर झेंडूची माळ, पुढं फोडलेल्या नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या. मी गुडघ्यावर बसून कपारीत हात घातला. मग दुसरा घातला. मग पालथा पडून डोकं घातलं.

आत काही नव्हतं.

तेवढ्यात आबा आलेच, हसत हसत. "आलासा? बरं झालं. ह्याच का भैन? ताई, काळजी करू नगा, तुमच्या नवसाचं समदं यवस्थित झालंय."

"डबा कुठाय, आबा?" मी पालथ्यानंच विचारलं.

"त्येचं असं झालं, बुधवारी वांदरं आली की हो वर. मनात म्हनलं, देवाचं उगड्यावर पडलंय, इटाळंल. मंग आंगूळ केली, डबा डोईवर घेतला आन किस्नामाईत सोडून आलो. अनवानी गेलो बगा, दोन कोस."

"पाण्यात? अख्खा डबा?" प्रसाद ओरडला.

"अख्खा! झाकन बी उगडलं न्हाई. दुसऱ्याचा नवस, आपुन कशाला बगायचा? तरंगाय लागला, म्हून दगूड बांदला आन डोहात सोडला."

प्रसाद खाली बसला. मी आक्काकडं बघायचं टाळलं. आबांचा चेहरा मात्र इतका समाधानी की त्यांना काय बोलणार? खोटं मी बोललो होतो. त्यांनी त्या खोट्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली होती.

"नवस कुनाचा म्हनायचा, ताई?" आबांनी विचारलं.

"लेकाचा," आक्का म्हणाली.

"पावंल बगा. लई औक्ष मिळंल लेकाला."

आक्कानं त्यांना दोन्ही हात जोडले. "उपकार झालं, आबा. आमच्यासाटी एवडं चाललासा." तिनं पिशवीतल्या दशम्या त्यांना दिल्या, शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावला आणि उतरायला लागली. एक शब्द मला बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

निम्म्यावर प्रसादनं मला मागं ओढलं. "मामा, वहीचा एखादा फोटो तरी असेल ना तुमच्याकडं?"

"तूच म्हणालास फोटो नको म्हणून!"

"नेटवर टाकू नका म्हणालो, मामा. काढायला कोण नको म्हणतंय?" मग म्हणाला, "वही खिशात घालून आणली असतीत तरी चाललं असतं. मी असतो तर आणली असती. खेळ आहे हो तो."

खेळ आहे! चोवीस वर्षांत मला एवढी मोठी शिक्षा कुणा साहेबानं सुनावली नव्हती.

खाली टपरीवर चहा सांगितला. आक्का बाकावर पाय चोळत बसली होती. चहा आला तशी म्हणाली, "संपत, तू वाचलीस न्हवं वही? आता तरी सांग."

मी डोळे मिटले. सगळं आठवायचं ठरवलं. "हा माझा पहिला डबा, असं हुतं बग वर. आन गावी जाताना मी इथं थांबतो, असं हुतं."

"गावी जाताना?" आक्का म्हणाली. "तरीच यायला उशीर हुयाचा त्येला. मी आपली भाकरी झाकून बसायची. आन पुडं?"

"पुडं वाऱ्याचं कायतरी हुतं. ध्यानात न्हाई, आक्का."

"ऱ्हाऊ दे. अक्षर कसं हुतं? ळ ला गाठ मारायचा का तशीच? मास्तर मारायचं त्येला त्यावरनं."

काय सांगू? वही ऐंशी पानी होती, हे मला माहीत. एकतीस सह्या होत्या, मी मोजल्या होत्या. दोन पानं सुटी झाली होती आणि टाचण्यांना गंज चढला होता, तेही माहीत. पण पोराच्या ळ ला गाठ होती का, ते मी बघितलंच नव्हतं.

"बगितलं न्हाई," मी म्हणालो आणि माझे डोळे भरून आले. टपरीवाला बघत होता, बघेना का!

आक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला. धाकटा ना मी. "आसू दे रं," म्हणाली. "त्येच्या वहीत शेवटी घरच्याच मानसानं लिवलं, ह्ये बी काय कमी न्हाई. काय लिवलंस तू त्येला?"

आता तिला खोटं सांगायची हिंमत नव्हती. एक खोटं कृष्णेच्या तळाला गेलं होतं तेवढं पुरे.

"सांग की. भाच्याला काय लिवलंस?"

मी मान खाली घातली आणि सांगितलं. नाव, हुद्दा, तारीख, आणि वर शेरा मारला होता, "तपासले. सर्व जागेवर आहे. पुढील कारवाईची गरज नाही."