शेपटीवाली लेन्स

सगळे तिला काचताई म्हणत. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स उघडायच्या, पुसायच्या आणि कडं बसवून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चढवायच्या, हे तिचं काम. सासऱ्यांनी शिकवलेलं. नवरा गेला, सासरेही गेले. मागे राहिली दुकानाची एक खोली, सासूबाई आणि सासऱ्यांची ती जड लेन्स. तिच्यातून चेहरा असा यायचा की माणसाला स्वतःचीच माया वाटावी. माणसांचे फोटो काढायला लोक तिच्याकडे येत ते या लेन्ससाठी. रोज सकाळी ती कपाळाला लावून मगच काचताई कामाला हात घाली.

धाकटा दीर फोटोग्राफर. त्याचा आधी हात चाले, मग तोंड. वडलांची लेन्स मुलाचीच, एवढंच त्याचं म्हणणं. त्यापायी एकदा त्याने दुकानाचं दार फोडलं होतं, एकदा वहिनीचा ओठ.

शेवटी तो पुन्हा दुकानात आला तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "दे बाई त्याला थोडे दिवस. जीव तरी वाचेल."

"देते. पण भावजी, हिला शेपटी आहे." तिने मागचा बाहेर आलेला काठ दाखवला. "फोटो काढताना तुमच्या कॅमेऱ्यातला आरसा वर उडतो. लांबचं दिसायला लेन्स फिरवलीत की तो या शेपटीवर आपटणार. काठ घासून देते, संध्याकाळी न्या."

"घासते म्हणे! मला टोलवतेस?" त्याने लेन्स हिसकावली आणि कोपराने तिला कपाटावर ढकललं.

तासाभरात तो परत आला. कॅमेरा हलवला की आत फुटलेल्या आरशाच्या काचा खुळखुळत होत्या.

"मुद्दाम केलंस!"

"मी सांगितलं होतं, भावजी—"

कानाखाली अशी बसली की तिला पुढचं ऐकूच येईना. केस धरून त्याने तिला टेबलाशी फरफटत नेलं. तिथे लेन्सची कडी घट्ट धरायची लोखंडी पकड होती, दांडा पिळला की आवळणारी. तिचा उजवा हात त्यात कोंबून त्याने दांडा पिळला.

"आता फिरव लेन्स! बघू कशी फिरवतेस."

जुन्या लेन्सला मोटर नसते. चेहरा स्पष्ट करायचा तो बोटांनी, केसभर इकडे, केसभर तिकडे. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. तोंडून देवाचं नाव निघालं, तेही किंचाळीसारखं.

"सोड तिला." दारात सासूबाई होत्या.

"आई, तू आत जा."

जन्मभर त्या आतच गेल्या होत्या. आज त्यांनी कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा कानावर. रक्त लेन्स पुसायच्या पांढऱ्या फडक्यावर उडालं.

"पोटचा आहेस म्हणून थांबतेय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "लेन्स ठेव आणि चालता हो."

लेन्स टेबलावर ठेवून, कान दाबत तो गेला.

काचताईची दोन बोटं वाकडीच राहिली. प्लास्टर निघाल्यावर तिने डाव्या हाताने लेन्स चढवली आणि सासूबाईंना खिडकीशी बसवलं.

"हसा की, आई."

"पोलिसांना द्यायचाय का फोटो?"

"त्यांना माझ्या हाताचा दिलाय. हा भिंतीवर लावायचाय."

लेन्स फिरवताना डावा हात सारखा पुढे सरके, मागे येई. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अजून दिसेना का गं?"

"दिसताय. थांबा जरा, डोळे नीट येऊ देत."