आईनं काय मागितलं होतं

देवावरचा माझा विश्वास नेमका कधी उडाला ते सांगता येणार नाही. खांदा कधी गेला ते मात्र नीट आठवतं. मी वेगवान गोलंदाज होतो. म्हैसूरच्या मैदानांवर वाढलो, राज्याच्या संघापर्यंत पोचलो आणि एका उन्हाळ्यात टीव्हीवर दिसते त्या मोठ्या लीगमध्ये माझी निवड झाली. तिथे मी तीन सामने खेळलो. पहिल्यात दोन बळी मिळाले तेव्हा म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या आमच्या गल्लीत म्हैसूरपाक वाटला गेला. तिसऱ्यात चेंडू टाकताना उजव्या खांद्यात काहीतरी तुटलं आणि कारकीर्द आटोपली. घरच्यांनी टीव्ही नीट लावेपर्यंत मी मैदानाबाहेर होतो, असं मी थट्टेनं सांगतो. लोक हसतात, मीही हसतो.

ऑपरेशनच्या वेळी आई म्हैसूरच्या डोंगरावरच्या चामुंडीदेवीला नवस बोलली. आषाढातल्या शुक्रवारी डोंगराच्या प्रत्येक पायरीला हळदीकुंकू लावत चढायचं, हा इथल्या बायकांचा मोठा नवस. आई म्हैसुरातच जन्मलेली. घरी मराठी बोलते, देवीशी मात्र कन्नडमध्ये. नवस कशासाठी, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. मुलगा गोलंदाज, मोडला तो खांदा. दुसरं काय मागणार?

खांदा जुळला, पण वेग परत आला नाही. मोठ्या संघानं सोडलं, मग राज्याच्या संघानंही. कचेरीत नोकरी लागली. संध्याकाळी नेटमध्ये चेंडू टाकायचे आणि घरी येऊन खांद्यावर बर्फ धरून बसायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. दर आषाढात आई नवस फेडायचा विषय काढायची. झालंय काय म्हणून फेडायचं, असं मी म्हणालो की ती स्वयंपाकघरात निघून जायची.

यंदा बंगळूरहून एका संघानं निवड चाचणीला बोलावलं. बत्तीस वर्षं ओलांडलेल्या माणसाला असं बोलावणं पुन्हा येत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की या खांद्यानं पुन्हा जोर लावलास तर हात कायमचा निकामी होऊ शकतो. ओळखीचा एक ट्रेनर म्हणाला, इंजेक्शन घे, तेवढ्यापुरतं दुखणार नाही. चाचणी रविवारी होती आणि मी इंजेक्शन घ्यायचं ठरवलं होतं. खरं म्हणजे मी पार थकलो होतो. नको म्हणायलाही बळ लागतं, तेवढंही उरलं नव्हतं.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी आई सकाळीच ताट घेऊन दारात उभी राहिली. "पुढच्या वर्षी माझे गुडघे चढणार नाहीत. तू काही करू बेडा रे, सुम्ने, नुसता सोबत चल." नाही म्हणवेना.

थोड्याच पायऱ्या झाल्या आणि तिला वाकवेना. कठडा धरून ती चढू शकत होती, पण खाली वाकलं की तोंड पिळवटायचं. तिनं ताट माझ्या हातात दिलं. बायकांच्या त्या गर्दीत मी एवढा आडदांड माणूस पायरीपायरीला वाकून कुंकू लावतोय, कुणाकुणाला हसू येत होतं. मला देवीचा राग येत होता. वाटेतल्या मोठ्या दगडी नंदीपर्यंत पोचायच्या आतच खांदा पेटला. मी डाव्या हातानं लावू पाहिलं आणि निम्मं कुंकू सांडलं. शेजारून एक बाई आपलं ताट घेऊन चढत होती. "बिडी, नानु हच्तीनि," म्हणाली. राहू द्या, मी लावते. हळद तिनं घेतली, कुंकू माझ्याकडे राहिलं, आणि आम्ही दोघं वरपर्यंत गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा ती गर्दीत दिसेनाशी झाली होती. देवीच आली होती, असं आई म्हणते. मी वाद घालत नाही.

दर्शन झालं. मी एवढंच म्हणालो, रविवारी खांदा साथ देऊ दे. मग प्रसादाला बसलो. पानावर गरम बिसीबेळे भात होता. चढून आल्यानं मी भुकेला होतो आणि चिडलेलाही. "नवस फेडलास," मी आईला म्हणालो, "पण माझी गोलंदाजी काही आली नाही."

"गोलंदाजी कोण मागितलं होतं रे?" आई म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर मी तुला भरवत होते. तू भिंतीकडे तोंड करून रडायचास. आई, याचा हात याच्या तोंडापर्यंत येऊ दे, म्हटलं देवीला. अष्टे, एवढंच."

माझा घास हातातच राहिला. तिनं मागितलेलं केव्हाच मिळालं होतं. रोज दोन वेळा मी त्या हातानं जेवत होतो आणि देवीनं काही दिलं नाही म्हणत होतो. दर वर्षी आईला देवीचे आभार मानायला जायचं होतं आणि दर वर्षी मी आडवा आलो होतो. मला भर पंगतीत रडू कोसळलं. आईनं पाणी पुढे केलं आणि भात निवतोय म्हणाली.

आजही गोलंदाजी आठवली की जीव तुटतो. तो तुटायचा थांबेल असं नाही. पण शरण जाणं म्हणजे हरणं, असं मला वाटायचं, ते आता वाटत नाही. आपल्या वाट्याला आलेलं ओळखायला मला आईच्या गुडघ्यांची आणि एका अनोळखी बाईची मदत लागली. दोघींपुढे आणि त्या डोंगरावरच्या आईपुढे माझं डोकं टेकलेलं आहे.

रविवारी बंगळूरची गाडी माझ्याशिवाय गेली. दुपारी आईनं वाढलं. मी सगळं जेवलो, आणि बऱ्याच वर्षांनी ताटावर बसून आणखी मागितलं.