सरळ धुऱ्याचा वाकडा फोटो

माझ्या सासऱ्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्याची चाळीस वर्षांची मैत्री मी एका फोटोने मोडली. फोटो तसा चांगला आला होता.

मी नागपूरचा. रोज सकाळी अंबाझरीच्या काठाने फिरायचं आणि अख्खं तळं एका फोटोत मावत नाही म्हणून हळहळायचं, हा माझा नेम. मग एक दिवस फोनमध्ये पॅनोरमा सापडला आणि माझं आयुष्य एकदम रुंद झालं! फोन धरायचा, श्वास रोखायचा आणि जागच्या जागी हळूहळू वळायचं. पाणी, बगळे, ऊन, सगळं एका पट्टीत. ("मागून येणारे लोक धडकतात तुम्हाला," हे माझी बायको शुभांगी हिचं या कलेवरचं एकमेव मत.)

फेब्रुवारीत आम्ही काटोलकडे सासुरवाडीला गेलो. संत्र्याला आंबिया बहार आला होता. सकाळी एकटाच बागेत शिरलो. पांढरी फुलं, मधमाश्यांची गुणगुण, झाडांत अडकून राहिलेलं धुकं आणि तो वास! त्या वासात माणूस चालत नाही, तरंगतो. मीही तरंगत तरंगत धुऱ्यापाशी पोचलो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. अलीकडे मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बाग, पलीकडे गुलाबरावांची. धुऱ्याच्या डाव्या टोकाला कडुनिंब, त्याखाली हे दोघे रोज एकाच किटलीतला चहा पितात. उजव्या टोकाला विहीर. निंबापासून विहिरीपर्यंत अख्खा धुरा मी एका फोटोत घेतला आणि घरी येऊन कौतुकाने टीव्हीवर लावला.

मामाजी पोह्यांची प्लेट घेऊन टीव्हीला नाक लावून उभे राहिले.

"जवाईबापू, हा आपला धुरा होय?"

"हो ना! काय सुंदर..."

"सरका होता हा. मधातून पोट काढून आपल्या वावरात कसा आला?"

मामाजींच्या बोलीत सरका म्हणजे सरळ, आणि पॅनोरमात जवळची सरळ रेघ धनुष्यासारखी वाकते. मी तसं सांगितलंही.

"मामाजी, ते फोन वाकडं दाखवते."

"इतका महागाचा फोन वाकडा? मंग घेतला कायले?"

पोहे तसेच टाकून मामाजी धुऱ्याकडे निघाले, मागे मी, माझ्यामागे शुभांगी. निंबाखाली गुलाबराव किटली घेऊन वाट बघत बसले होते.

"गुलाब्या, काहून गा, धुरा कोरून राहिला काय?"

"मी? एक ढेकूळ तरी हलवलं काय म्या चाळीस वर्षांत?"

"फोटोत दिसून राहिलं ना!"

आता मी शहाणा जावई. वाद मिटवायला धावत गुलाबरावांच्या बागेत गेलो आणि तिकडून फोटो काढला. त्यात धुऱ्याने पोट काढलं ते थेट गुलाबरावांच्या वावरात!

"पाहा!" गुलाबराव ओरडले. "चोर कोण हाये मंग?"

पाच मिनिटांत, एक इंचही जमीन न हलवता, मी दोघांनाही लुटलं होतं. गुलाबरावांनी किटलीतला चहा निंबाच्या बुंध्याशी ओतला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली दोन किटल्या होत्या. दोघे एकमेकांकडे पाठ करून फुरके मारत होते. मला खरंच फार वाईट वाटलं. इतका बहर, इतका वास आणि बोलायला कोणी नाही.

"अहो, काही तरी करा," शुभांगी म्हणाली. "नाही तर तो फोन विहिरीत टाका."

"थांबा," मामाजी तिकडून म्हणाले. "आमच्या डोयासमोर फोटो काढा. गुलाब्या, उभा राय इथं."

"तूबी राय. तुले एकट्याले नाही सोडत मी."

दोघांना निंबाखाली उभं केलं. सूर्य पाठीशी घेऊन मी वळायला लागलो. पुन्हा तो वास आला आणि माझा हात इतका मंदावला की फोनसुद्धा कंटाळला असेल. मागे सळसळ झाली. म्हटलं, वारा असेल.

वारा नव्हता! आपण निंबापाशी अडकलो तर विहिरीकडे काय घोळ होईल, या संशयाने मामाजी माझ्या पाठीमागून तिकडे निघाले. मामाजी एकटे निघाले म्हणून गुलाबराव त्यांच्या मागे. माझा फोन विहिरीपाशी पोचण्याआधी ते दोघे पोचून, कमरेवर हात ठेवून उभे!

फोटो बघितला. डावीकडे मामाजी आणि गुलाबराव. उजवीकडे मामाजी आणि गुलाबराव.

गुलाबरावांनी बोटाने डोकी मोजली.

"माह्या बाप्पा!" गुलाबराव म्हणाले. "आपून चार जण हावो काय गा?"

"एक तुह्यासारखा पुरे झाला मले," मामाजी म्हणाले. "दोन कोण सांभायन?"

मग ते जे हसले! विहिरीच्या कठड्याला धरून, डोळे पुसत. जो फोन दोन माणसांची चार करतो तो धुऱ्याचं काय करणार नाही, हे दोघांना एकदमच पटलं. मी चाळीस वेळा सांगून पटलं नव्हतं. निंबाखाली परत येऊन गुलाबरावांनी आपली किटली मामाजींच्या किटलीत रिकामी केली.

तो फोटो आज मामाजींच्या बैठकीत मोठ्या फ्रेममध्ये आहे. आल्यागेल्याला ते बोट ठेवून दाखवतात.

"हे आमी. हेबी आमीच. धुरा वाकडा दिसते, पण सरका हाये. सारं फोनचं काम."

फोटोच्या मधोमध एक लांबलचक सावली पडली आहे. मान एका बाजूला कललेली, कोपर बाहेर, गुडघे वाकलेले. पाहुणे हमखास विचारतात, "अन हे वाकडंतिकडं काय होय?"

"ते आमचे जवाईबापू," मामाजी म्हणतात. "ते जसे हायेत, तसेच आले."