साडेदहा हातांची जागा

नोकरीतल्या कितीतरी केसेस मी विसरले, पण ही एक अजून मनातून जात नाही.

मी चौथी शिकलेली. पोलिसात असलेला नवरा गेला आणि त्याच्या जागी मला शिपाई म्हणून घेतलं. वर्धा जिल्ह्यातल्या त्या लहान ठाण्यात मी एकटीच बाई. बायकांना काही विचारायचं असलं की मला पाठवायचे, एरवी समन्स पोचवणं आणि टपाल. चारचौघांत बोलायला मला जमत नसे. परक्याच्या घरात पाऊल टाकायला तर फारच जड जाई.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. एका सकाळी कोकणातल्या एका ठाण्याचा बिनतारी संदेश आला. समुद्रात किनाऱ्याजवळून अरुंद डोंगा वल्हवत जाणारा एकटा माणूस पकडला आहे. मुंबईहून गोव्यापर्यंत किनारा धरून हौसेने निघालो म्हणतो. हिंगणीकडचा सुतार आहे, डोंगा घरी बनवला, असं सांगतो. चोरट्या सोन्याचा संशय आहे. खात्री करून कळवा.

आमचे जमादार खूप हसले. "आपल्या इकडं समुद्रपूर गाव हाये बाप्पा, समुद्र कुठून आला? चाला बाई, पाहून येऊ."

सुताराच्या घरी त्याची बायको एकटीच होती. जमादार निंबाखाली बसले. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, ती दाराआड. नवरा कुठं आहे विचारलं, तर म्हणाली कामाले गेला. डोंगा बनवला होता का?

"नाई बाई. डोंगा-बिंगा आमच्या घरी म्या पाह्यला नाई."

तिचा आवाज कापत होता. ते मला कळलं, पण माझाही कापत होता. जमादारांनी लांबूनच विचारलं, "झालं का बाई?" मी म्हटलं, नाही म्हणते. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि संध्याकाळी उत्तर गेलं, की डोंगा बनवल्याची माहिती खोटी आहे.

आठ दिवसांनी दुसरा संदेश आला. तो माणूस मार खाऊनही तेच सांगतो, गुन्हा दाखल करण्याआधी पुन्हा एकदा पाहा. ठाणेदार साहेब वैतागले. जमादार मला म्हणाले, "तुमीच जाऊन या. मले त्या फाट्यावरून चालवत नाई आता."

ऊन फार होतं. मी पाणी मागितलं आणि पाणी प्यायला म्हणून पहिल्यांदा आत गेले. पडवीची जमीन शेणानं छान सारवलेली होती. फक्त मधोमध एक लांब पट्टा कोरडा, भेगा पडलेला. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर. मीही घर सारवते. वस्तू हलत नसली की बाई तिच्या कडेकडेनं हात फिरवते आणि खालची जागा तशीच राहते. इथं कितीतरी महिने काहीतरी ठेवलेलं होतं. आणि ते गेल्यावरही हिनं त्या जागेवर हात फिरवला नव्हता.

मी नुसती त्या जागेकडं पाहत राहिले. तीच रडायला लागली.

"सागवान जंगलातलं होतं, बाई. फारेस्टवाले आले त डोंगा पाह्यलाच नाई म्हणजो, असं तोच सांगून गेलता. मले वाटलं तुमी लाकडापायी आल्या."

"लाकडापायी नाई. तो कोठडीत हाये, सोन्यापायी."

"सोनं?" तिनं गळ्यातलं डोरलं पुढं केलं. "आमच्या घरी एवढंच हाये."

मग तिनं सगळं सांगितलं. तो बोर धरणावर मासे धरणाऱ्यांच्या डोंग्यात जायचा. मुंबईत कामाला गेला तेव्हा समुद्र पाहिला आणि म्हणाला, हे त मोठं धरणच हाये, काठ सोडला नाई म्हणजे झालं. सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा केला, वर डांबर लावलेलं कापड ताणलं, आणि कापसाच्या गाठींच्या ट्रकवर डोंगा मुंबईला नेला.

दुपारी जमादारांना आणलं आणि पंचांसमोर त्या जागेचा पंचनामा केला. टेप नव्हता, म्हणून मीच हातानं मोजलं. लांबी साडेदहा हात, मध्ये रुंदी दीड. कोकणातल्या जप्तीच्या कागदाशी माप जुळलं आणि त्याला सोडलं. लाकडाचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

महिन्याभरानं तो ठाण्यात आला. पाठीची सालं निघालेली, बोलणं हळू. डोंगा कुठं आहे, मी विचारलं.

"फोडला. तुमच्याकडून नाई म्हणून आलं, त्याच दिवशी. सोनं पाहाले कुऱ्हाडीनं फोडला."

घाबरलेल्या माणसाचा नकार उंबऱ्याबाहेरून लिहून घेऊ नये, हे मी त्या केसमध्ये शिकले. पुढं नोकरीभर पाळलं, पण त्याला त्याचा काय उपयोग? मी पहिल्याच दिवशी पाणी मागितलं असतं, तर तो गोव्याला पोचला असता.

तो भांडायला आला नव्हता. म्हणाला, "मी घरी आलो त घरचीनं खुशीत ते जागा सारवून टाकली. मी डोंगा नजरेनंच बांधलता, माप कुठं लिवलं नाई. तुमच्या कागदावर हाये म्हणे."

"साडेदहा हात. मधात दीड."

"कोणाचा हात?"

"माझा."

त्यानं पिशवीतून लाकडाची पट्टी काढली. "जरा पुढं करा."

मी हात टेबलावर ठेवला. त्यानं मला न शिवता पट्टी शेजारी धरली, कानावरची पेन्सिल घेतली आणि कोपरापाशी एक खूण केली. जमादार पाहत होते. मी हात जरा मागं घेतला.

"हलवू नोका, बाई," तो म्हणाला. "नाई त डोंगा लहान होईन."